घाट चढण्याआधी

पहाटेचे चार वाजले आहेत. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर उचललेली एक गाडी कळंबोलीला थांबली असून थोड्या वेळाने ती पुण्याच्या दिशेने निघेल. पुढचा इंजिनाचा भाग म्हणजे घोडा आणि त्याच्या पाठीवर टेकलेला लांबलचक भाग म्हणजे ट्रेलर. खोपोली मागे पडली की लोणावळ्यापर्यंत रस्ता पाचशे मीटरहून अधिक उंची चढतो, आणि अशी भरलेली गाडी घाटात बंद पडली तर मागची वाहतूक तासन्‌तास खोळंबते. लोक घाटाला दोष देतात. प्रत्यक्षात बिघाड बहुतेक वेळा तळावरूनच गाडीसोबत निघालेला असतो आणि चढणीवर तो उघडा पडतो.

तपासणी टायरपासून सुरू करावी. जोडचाकांमधला बाहेरचा टायर सहज दिसतो, आतला दिसत नाही. आतल्या टायरमधली हवा कमी झाली तरी शेजारचा टायर भार पेलत राहतो, त्यामुळे गाडी झुकत नाही आणि चालकाला काही जाणवतही नाही. मात्र मऊ पडलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते, त्या वाकण्यातून उष्णता साठत जाते आणि काही तासांच्या धावेनंतर रबराचे थर सुटू लागतात. अनेक अनुभवी चालक टॉमीने, म्हणजे लोखंडी सळईने, टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखतात. पूर्ण बसलेला टायर त्यातून नक्की कळतो. परंतु पंधरा-वीस पौंड हवा कमी असेल, तर तो फरक कानाला पकडता येईलच असे नाही. म्हणून हवा गेज लावूनच मोजावी, आणि तीही टायर थंड असताना, कारण धावून तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसतो. जोडचाकांच्या फटीत दगड अडकला असेल, तर तोही याच वेळी काढावा.

आता मागच्या ट्रेलरकडे वळू, कारण आमच्या मते खरी हेळसांड तिथेच होते. घोड्यात इंजिन असते, चालक त्यातच राहतो आणि झोपतो, साहजिकच त्याचा आवाज बदललेला त्याला कळतो. ट्रेलरला मात्र बोलायला इंजिन नाही. बऱ्याचदा आज एका घोड्यामागे असलेला ट्रेलर उद्या दुसऱ्या घोड्याला जोडला जातो, आणि मग त्याच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, ग्रीस शेवटचे कधी भरले होते, हे कोणालाच सांगता येत नाही. चहासाठी गाडी थांबली की प्रत्येक हबजवळ हात न्यावा, पण त्याला स्पर्श करू नये. एकच हब इतरांपेक्षा फार तापलेला जाणवला, तर बेअरिंग कोरडे पडले असावे किंवा त्या चाकाचा ब्रेक चिकटत असावा. दोन्ही बाबतींत गाडी पुढे न नेता मेस्त्रीला बोलावणेच योग्य.

ब्रेक हवेवर चालतात, आणि हवेचा दाब ठरावीक पातळीखाली गेला की पार्किंग ब्रेकची स्प्रिंग सुटून चाके जागच्या जागी आवळली जातात. सुरक्षेसाठी केलेली ही सोय गळक्या पाइपमुळे भर रस्त्यात गाडी जखडून ठेवते. त्यासाठी निघण्यापूर्वी हवेच्या टाक्या पूर्ण भरू द्याव्यात, इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरावा आणि काटा खाली सरकतो का, ते शांतपणे पाहावे. घोड्याकडून ट्रेलरकडे जाणारे हवेचे पाइप वळणावर कुठे घासतात, हेही बॅटरीच्या उजेडात दिसते. किनारपट्टीच्या दमट हवेतले पाणी टाकीच्या तळाशी साचते, ते टाकीखालची कडी ओढून काढून टाकावे. त्या पाण्यासोबत बरेच तेल बाहेर आले, तर टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर झिजू लागला आहे असे समजावे.

चढणीवर इंजिन तापण्यामागे दर वेळी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, कमतरता असतेच असे नाही. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे अडकलेले असतात, पंख्याचा पट्टा सैल असतो, किंवा झाकणाचे रबर कडक झाल्यामुळे आतला दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळते. हे झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नये. उसळणाऱ्या कूलंटने चेहरा आणि हात गंभीर भाजतात.

डिझेल फिल्टरखाली जमलेले पाणी पावसाळ्यात अधिक वेळा सोडावे, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी साफ करावी, आणि चाक बदलले असल्यास शंभर किलोमीटरच्या आत त्याचे नट पुन्हा आवळावेत. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण मानकांच्या गाड्यांमध्ये धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकीही पाहावी लागते, कारण ती रिकामी झाली की इंजिनाची ताकद आपोआप कमी केली जाते.

या सगळ्याला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास चालकाला देणे ही मालकाची जबाबदारी आहे. फोनवर सतत "कुठे पोहोचलास?" असे विचारले जात असेल, तर चालक गाडीखाली वाकून पाहणार नाही.

कळंबोलीला उजाडू लागले आहे. ट्रेलरच्या डाव्या बाजूच्या आतल्या टायरमध्ये हवा वीस पौंड कमी निघाली. चालकाने मालकाला फोन करून उशीर होईल असे कळवले आहे आणि पंक्चरवाला व्हॉल्व्हजवळ थुंकी लावून बुडबुडे येतात का, ते पाहतो आहे.