रामटेकला निघालेले

(दृश्य: सकाळचा कामठी रोड. गाडीच्या काचेवर पावसाचे पहिले थेंब.)

नागपुरातून रामटेकला जायचं म्हणजे कामठी, कन्हान, मनसर. मनसरला जबलपूरचा हायवे सोडायचा आणि उजवीकडे वळायचं. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. नागपूरच्या प्रत्येक शाळेची एक तरी सहल इथं आलेली असते. आमचीही आली होती. डब्यातल्या पुऱ्या माकडांनी खाल्ल्या आणि आम्ही उपाशी परत गेलो, एवढंच त्यातलं आठवतं.

पण रामटेकच्या टेकडीच्या गोष्टी गोळा करायला बसलं की एक गंमत दिसते. इथं सारखं कोणीतरी कुठंतरी निघालेलं असतं. आणि जो निघतो, त्याच्याकडे काहीतरी अद्भुत शक्ती असते, नाहीतर ती नुकतीच गेलेली असते.

(दृश्य: गडमंदिराच्या कड्याला टेकलेला काळा ढग.)

पहिला तो यक्ष. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला. कुबेराच्या चाकरीत चूक झाली आणि वर्षभराचा शाप मिळाला. तो रामगिरीवर येऊन राहिला. हा रामगिरी म्हणजेच रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हिरिरीनं मांडलं. छत्तीसगडातल्या रामगढवाल्यांना ते मान्य नाही. आम्ही नागपूरचे, आम्ही कोणाच्या बाजूनं हे सांगायला नको.

आपण शाळेत शिकतो विरह. पण यक्ष म्हणजे क्षणात कैलास गाठणारा जीव. शापानं त्याचा तोच महिमा काढून घेतला. जादू गेलेला जादूगार. म्हणून तर त्याला ढगाची मनधरणी करावी लागते. हातातलं सोन्याचं कडं गळून पडेल इतका तो वाळलाय. आषाढाच्या पहिल्या दिवशी ढग दिसतो, तेव्हा आधी तो त्याला कुड्याची ताजी फुलं वाहतो.

(दृश्य: अगदी जवळून, कुड्याची पांढरी फुलं, पाकळीवर पाण्याचा थेंब.)

हीच ती फुलं. विदर्भातल्या रानात ती पावसाच्या तोंडाशी फुललेली दिसतात.

कालिदास मोठा मिस्कील. तो स्वतःच विचारतो, धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचं गाठोडं म्हणजे ढग, तो कसला निरोप नेणार? पण वेड्याला कुठं सुचतं! यक्ष ढगाला सगळी वाट समजावून सांगतो. रेवेचं, म्हणजे नर्मदेचं, पाणी पी, विदिशेला थांब. आणि तुला जायचंय उत्तरेला, वाट वाकडी होईल, तरी उज्जैन बघितल्याशिवाय पुढं जाऊ नकोस. घाई असलेला माणूस असा पत्ता सांगतो का? मला वाटतं, बोलता बोलता तो स्वतःच तो सगळा प्रवास करून घेतो.

(दृश्य: मनसर. गवतातून वर आलेल्या विटांच्या पायऱ्या.)

मनसरच्या या उंचवट्याचं गावातलं नाव हिडिंबा टेकडी. भीमाच्या राक्षसीण बायकोचं घर. उत्खननात इथं प्रचंड वीटबांधकाम निघालं, तेव्हा कोणी म्हणालं, हे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं काम, कोणी म्हणालं, नागार्जुनाचा विहार. एकाच ढिगाऱ्यावर तीन दावे. इथंच सापडलेली वाकाटककालीन शिवमूर्ती मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन बसली आहे.

नागार्जुनाच्या नावाची टेकडीही याच भागात आहे. तत्त्वज्ञ नागार्जुन वेगळा आणि किमया करणारा वेगळा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. टेकडीला त्याचं काय! सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संगानं लिहून ठेवलेली गोष्ट अशी. सातवाहन राजा नागार्जुनासाठी डोंगरात विहार कोरून घेत होता. खजिना आटला. नागार्जुनानं दगडांवर औषधाचे थेंब शिंपडले आणि दगडांचं सोनं झालं. त्याच्याच औषधानं राजा शेकडो वर्षं जगला. राजपुत्र ताटकळले. शेवटी आईनं एकाला वाट दाखवली, हा जिवंत आहे तोवर तुझे वडील मरत नाहीत, जा, त्याचं शीर माग. तो गेला. नागार्जुनानं वाळक्या गवताची एक पात उचलली आणि तलवारीसारखी स्वतःच्या मानेवरून फिरवली. ते ऐकून राजाही गेला.

मनसरच्या जमिनीतून आज मँगनीज काढतात. दगडाचे पैसे अजून होतात, फक्त औषध लागत नाही.

(दृश्य: पायऱ्या, बाजूला धूम्रेश्वराचं छोटं देऊळ.)

हे धूम्रेश्वर. तप केलं म्हणून मारला गेलेला शंबूक इथं लिंगरूपानं राहिला, असं सांगतात. मोठ्या देवळाकडे धावणारे बरेच जण इथं थांबत नाहीत. आम्ही थांबलो.

आता आणखी एक प्रवासी. महानुभावांच्या परंपरेतली ही लीळा. द्वारावतीच्या, म्हणजे द्वारकेच्या, चांगदेव राउळांनी देह ठेवला. त्याच वेळी भडोचला प्रधानाचा मुलगा हरिपाळ वारला होता. चितेपर्यंत नेलेल्या त्या देहात चांगदेव शिरले आणि हरिपाळ उठून बसला. घर, बायको, सगळं पुन्हा सुरू. मग जुगार. मरणाला परतवून आलेला हा पुरुष जुगारात हरतो! पैसे फेडायला बायकोकडे दागिने मागितले, तिनं दिले नाहीत. मन विटलं. वडिलांना सांगितलं, रामटेकच्या यात्रेला जातो. लवाजमा घेऊन निघाला, वाटेत सगळ्यांना सोडलं आणि एकटाच रिद्धपूरला पोचला. तिथं गोविंदप्रभू भेटले. पुढं जग या हरिपाळाला चक्रधर म्हणून ओळखू लागलं.

रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात. त्याच रिद्धपूरला वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट सापडला आहे आणि तो दिला गेला होता रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी. पाचव्या शतकात रामटेकहून तांब्याचा पत्रा रिद्धपूरकडे गेला, तेराव्या शतकात रामटेकला निघालेला माणूस रिद्धपूरला थांबला. योगायोगच. पण नकाशावर बोट ठेवून ही दोन गावं जोडताना बोट जरा रेंगाळतं.

(दृश्य: गडाच्या पायऱ्या, उतरणीला. फुटाणेवाली बाई, समोर काळ्या तोंडाचं वानर.)

“चष्मा काढून ठेवा जी,” ती आम्हाला सांगत होती. “नेते तो.”

ऐकलं नाही. आमच्या कॅमेरावाल्याचा चष्मा एका झटक्यात कठड्यावर. वानरानं तो उलटसुलट करून पाहिला, एक काच चाटली. बाईनं फुटाण्याची पुडी सोडली, मूठभर पुढं केले. ते खाली आलं, चष्मा टाकला, फुटाणे घेतले.

“धा रुपये,” बाई म्हणाली.

दिले. चष्म्याची एक काडी वाकली होती. वर पाहिलं तर कड्यावरचा ढग निघून गेला होता.