तुपाच्या उलटं

सकाळचे सव्वाआठ, कोथरूड डेपोवरून निघालेली बस. खिडकीशी काका, मांडीवर चितळ्यांची पिशवी, पण आत बाकरवडी नाही, फाईल आहे. आणि शर्टाखालून ही जी बारीक नळी गेलीय ना, ती पाठीतून थेट किडनीत.

काकांना किडनी एकच, दुसरी आधीच काढलेली, आणि उरलेल्या किडनीच्या आतल्या अस्तरावर कॅन्सरची गाठ निघाली. लो ग्रेड, म्हणजे सावकाश वाढणारी. अशा गाठींवर बऱ्याचदा होणारा उपाय म्हणजे किडनी, मूत्रनलिका, मूत्राशयाचा थोडा भाग, सगळं काढायचं. काकांचं तसं केलं तर मग डायलिसिसच. म्हणून डॉक्टरांनी दुर्बिणीतून गाठ जाळली आणि आता दर मंगळवारी नळीतून मायटोमायसिन हे कॅन्सरचं औषध सोडतात. शिरेतून नाही, जिथे गाठ होती तिथेच.

औषधाचा हा रंग बघा, जांभळट निळा. सिस्टर ते दाबून ढकलत नाहीत, टांगून थेंब थेंब सोडतात, आत प्रेशर वाढलं की औषध रक्तात जायची भीती. पण खरी पंचाईत वेगळीच, किडनी लघवी करायची थांबत नाही, पातळ औषध टिकणार किती? थोड्या वेळात खाली लघवीच्या पिशवीत.

यावर तोड निघाली ती भारी आहे. फार्मसी कॉलेजच्या लॅबमधली ही टेस्ट ट्यूब, आत पोलोक्सॅमर (उबेला घट्ट होणारं जेल बनवायचं रसायन) आणि नुसता निळा रंग, औषध नाही. तूप कसं गारठ्यात थिजतं आणि उबेला पातळ होतं, याचं बरोब्बर उलटं. बर्फातून काढली तेव्हा पाण्यासारखं हलत होतं, लॅबमधल्या मुलीने मुठीत धरली, उलटी केली, पडतच नाही! (शॉटसाठी तिला तीनदा करायला लावलं.) किडनीतही तेच होतं, गार जेल आत गेली की अंगाच्या उबेने कोपऱ्याकोपऱ्यात बसते आणि काही तास विरघळत औषध सोडत राहते. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०२० मध्ये अशा मायटोमायसिन जेलला मान्यता दिली, आठवड्याला एक असे सहा डोस. ७१ पेशंटच्या ट्रायलमध्ये निम्म्याहून जास्त जणांची गाठ दिसेनाशी झाली. बऱ्याच जणांची मूत्रनलिका अरुंद झाली, काहींना ती उघडी ठेवायला स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालावी लागली, तेही आहेच.

काकांना मात्र जेल नाही, साधं पातळच.

साडेअकरा. पिशवी बदलून झाली. फाईलवर सिस्टरनी पेनाने लिहिलंय, ४/६.