नागमोडी भिंत आणि शिशातले गज

नमस्कार, श्रोतेहो. एका विटेच्या जाडीची उंच भिंत उभारायची आणि तिला टेकू म्हणून एकही खांब द्यायचा नाही, असं सांगितलं तर आपला गवंडी आधी आपल्याकडेच बघेल. इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या गवंड्यांनी यावर तोड काढली. त्यांनी भिंत नागमोडी बांधली. वळणच तिला तोलून धरतं. अशा भिंतीला तिकडे 'क्रिंकल-क्रँकल' म्हणतात. नाव ऐकून हसू येतं, पण दुहेरी जाडीच्या सरळ भिंतीपेक्षा हिला विटा कमी लागतात!

जुन्या जमीनदारी वाड्यांच्या बागेला भिंत असायची ती चोरांपेक्षा फळांसाठी. दक्षिणेकडे तोंड केलेल्या विटा दिवसभर ऊन पितात आणि रात्री ऊब सोडतात. त्या उबेवर थंडीच्या देशात पीच आणि जर्दाळू पिकायचे. काही भिंती तर आतून पोकळ असत. मागे भट्टी पेटवायची आणि धूर भिंतीतून फिरवायचा. इंग्लंडमधल्या क्रूम कोर्ट या वाड्याच्या बागेत १८०६ च्या सुमाराची अशी भिंत आहे.

तिथला कायदा मला आवडतो. वाडा संरक्षित ठरला, की त्याच्या आवारात १ जुलै १९४८ पूर्वीपासून असलेली भिंत आणि कठडेही साधारणपणे त्याच संरक्षणात येतात. परवानगीशिवाय त्यांचं रूप बदललं तर तो गुन्हा.

पण घात करते ती डागडुजी. जुनी वीट मऊ, तिचे सांधे चुन्याचे. त्यांत कोणी सिमेंट भरलं, की ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, ती विटेतच मुरते. थंडीत तिचा बर्फ होतो आणि विटेचा पापुद्रा सुटतो. आपल्या गडकोटांच्या चुनेगच्ची बांधकामालाही सिमेंट असंच बाधतं.

कठड्यांच्या लोखंडी गजांचं दुखणं वेगळं. दगडात भोक पाडून, गज उभा करून, भोवती वितळलेलं शिसं ओतत. तिथे पाणी शिरलं तर गंजलेलं लोखंड फुगतं आणि दगडालाच तडा देतं. त्यात दुसरं महायुद्ध आलं. युद्धाला लोखंड हवं म्हणून १९४१ पासून सरकारने देशभरचे कठडे कापून नेले. ऐतिहासिक मोलाचे वगळायचे होते, तरी पुष्कळ गेले. भिंतींच्या माथ्यावर त्यांची खुंटं अजून दिसतात. आज कठडा पुन्हा घडवायचा झाला, तर लोहार आधी त्या खुंटांची जाडी आणि त्यांच्यामधलं अंतर मोजून घेतो.