तारमास्तरांची पलटण

13 डिसेंबर 1867. लंडनच्या क्लार्कनवेल तुरुंगाची भिंत आयरिश बंडखोरांनी दारू लावून उडवली. सरकारी इमारती सांभाळायला टपाल कर्मचाऱ्यांना विशेष पोलीस म्हणून शपथ दिली गेली, आणि 1868 मध्ये त्यांच्यातूनच 49 वी मिडलसेक्स रायफल व्हॉलंटिअर्स ही स्वयंसेवकांची पलटण उभी राहिली. दिवसा टपाल, संध्याकाळी कवायत.

1870 साली खासगी तार कंपन्या टपाल खात्याकडे आल्या, आणि त्यांचे तारमास्तरही. लष्कराचा डोळा होता तो यांच्यावरच. बंदूक धरायला शिपाई काही आठवड्यांत शिकतो. तारेवरच्या मोर्स लिपीचं कडकट्ट कानाने टिपून झरझर लिहून काढायला महिने जातात. ते शिक्षण टपाल खात्याने आधीच फुकटात करून ठेवलं होतं! 1880 मध्ये पलटणीचा क्रमांक 24 झाला. त्याच दशकात तिच्यातल्या तारवाल्यांची रॉयल इंजिनिअर्स या लष्कराच्या अभियंता दलासाठी राखीव तुकडी झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ती माणसं कामी आली.

1908 मध्ये व्हॉलंटिअर्सची टेरिटोरियल फोर्स, म्हणजे अर्धवेळ सैनिकांचं दल झालं. मग 1914, पहिलं महायुद्ध आणि खंदक.

टेलिफोनला तिथे बऱ्याचदा एकच तार. परतीचा प्रवाह जमिनीतून. त्यासाठी लोखंडी खुंटी ओल्या मातीत खोल ठोकायची. माती कोरडी असेल तर पाणी ओतायचं, नाहीतर आवाज क्षीण येतो. गोळ्याने तार तुटली की लाइनमन ती हातात धरून चालत सुटायचा, तुटलेलं टोक हाताला लागेपर्यंत. दोन्ही टोकं सोलायची, आधी गाठ, मग पीळ, वरून टेप. गाठ मारायची आळशीपणाने राहिली, तर सगळा ताण पिळावर येतो आणि जोड उसवतो.

खरी गोम जमिनीत होती. पलीकडचे जर्मनही खुंट्या ठोकून तोच प्रवाह अॅम्प्लिफायरवर ऐकत होते. 1915 मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या कॅप्टन फुलर यांनी यावर उपाय म्हणून फुलरफोन नावाचं तारयंत्र काढलं. तारेतून अगदी क्षीण, एकाच दिशेचा प्रवाह जातो, म्हणून बाहेर काही ऐकू येत नाही. घेणाऱ्याच्या यंत्रातला खंडक तो प्रवाह भराभर तोडतो, तेव्हा कुठे कानात सूर उमटतो. मात्र हे संरक्षण मोर्सपुरतंच; त्याच तारेवर बोललात की गुपित गेलं. शिवाय खंडकाची टोकं सतत जुळवावी लागत. कच्च्या हाताला ते जमत नसे.

28 जून 1920 ला सिग्नल्सचं, म्हणजे संदेशवहनाचं, वेगळं दल झालं, आणि टेरिटोरियल दलातले तारवाले इंजिनिअर्स सोडून त्यात आले. संध्याकाळची कवायत मात्र चालूच राहिली.