सूज उतरली, मग पडदा पातळ का?

[ओसीटी स्कॅन, म्हणजे पडद्याचे थर प्रकाशाने टिपणारी तपासणी: मध्यभागी फुगवटा]

हा डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा छेद. मध्यभागी खळगा दिसायला हवा होता, तिथे टेकाड आलंय. पडद्यातली शीर बंद पडली किंवा मधुमेहाने रक्तवाहिन्या पाझरू लागल्या, की वाचनाच्या नेमक्या जागी, मॅक्युलात, पाणी साठतं.

रक्त कमी पडलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि पाझर वाढतो. यावर डोळ्यात इंजेक्शन देतात, त्यातलं औषध हे प्रथिन निकामी करतं. थेंबांनी भूल देतात, बुबुळाच्या कडेपासून ३.५ ते ४ मिलिमीटरवर बारीक सुई जाते. सुई टोचणं काही सेकंदांत आटोपतं. पण औषधाचा असर काही आठवड्यांत ओसरतो, मूळ आजार तसाच असतो. म्हणून पुन्हा सुई.

[नंतरचा स्कॅन]

टेकाड उतरलं. मात्र अनेक इंजेक्शनांनंतर काही डोळ्यांत पडदा नेहमीपेक्षाही पातळ दिसतो. हे इंजेक्शनांमुळेच झालं का?

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. निरोगी डोळ्यात हेच व्हीईजीएफ रक्तवाहिन्यांना आणि चेतापेशींना जगवतं. शिवाय प्रत्येक इंजेक्शननंतर डोळ्यातला दाब थोडा वेळ चढतो. आधीच काचबिंदू असेल, तर डॉक्टरांना त्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

पण स्कॅन जाडी मोजतो, आणि त्या जाडीत पाणीही धरलेलं असतं. शीर बंद पडली तेव्हाच रक्ताविना काही पेशी मेलेल्या असतात. सूज असेपर्यंत ती झीज झाकलेली राहते. पाणी गेलं की उघडी पडते. त्यामुळे किती झीज आजाराची आणि किती औषधाची, हे एका स्कॅनवरून कुणालाच सांगता येत नाही. साठून राहिलेलं पाणी मात्र स्वतःच पेशींची घडी विस्कटतं, एवढं नक्की. म्हणूनच पातळ पडद्याच्या धास्तीने कुणी परस्पर इंजेक्शनं बंद केली, की काळजी वाटते. सूज परत येते, आणि गेलेली नजर दर वेळी पूर्ण परतत नाही. पडदा कोरडा राहिला, तर डॉक्टर दोन इंजेक्शनांमधलं अंतर हळूहळू वाढवत नेतात: ४ आठवडे, ६, ८.

[ओसीटी अँजिओग्राफी: केशवाहिन्यांचं जाळं, मधेमधे काळे डाग]

हे काळे भाग रक्त न पोचणारे. कायमच्या बंद झालेल्या केशवाहिन्या इंजेक्शनाने उघडत नाहीत. असे भाग मॅक्युलाच्या मध्याशी असतील, तर सूज पूर्ण उतरूनही अक्षरं धूसर राहू शकतात. सूज ओसरल्यावर हे चित्र रुग्णाला समोर बसवून दाखवायलाच हवं. पुढची सुई कशासाठी आणि तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे त्याला तिथेच विचारता येतं.