स्पर्धेला कथा पाठवण्याआधी

(सोलापुरात नवोदित लेखकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, ‘मी कौतुकासाठी लिहीत नाही’ असं म्हणणारे लेखक मला पुष्कळ भेटतात. निकालाच्या दिवशी हेच लोक दर दहा मिनिटांनी मोबाइल काढून बघतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लिहिणाऱ्याला वाचणारा हवाच असतो. फक्त दाद कुणाकडे मागतोय, हे आधी ठरवा. माझा पहिला प्रश्न बक्षीस किती हा नसतो. परीक्षक कोण, हा असतो. पत्रकात आयोजकांची, प्रमुख पाहुण्यांची, देणगीदारांची नावं ठळक असतील आणि परीक्षकाचं नाव शोधूनही सापडत नसेल, तर तुमची कथा कोण वाचणार? कदाचित कुणीच नाही.

मी परीक्षक म्हणून बसलो आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो. नाव झाकलेल्या कथांचा गठ्ठा येतो. त्यातल्या निम्म्याअधिक कथा परीक्षकाला रडवायलाच लिहिलेल्या असतात. वृद्धाश्रमातली आई, गळफास घेणारा शेतकरी, शेवटच्या ओळीत पाऊस. विषय खोटे नाहीत, पण लिहिणाऱ्याने ते पाहिलेले नसतात. मागच्या वर्षीच्या विजेत्या कथेतून उचललेले असतात. आणि सोलापूरचा मुलगा लिहितो कशावर? कोकणातल्या पावसावर! इथे एप्रिलमध्ये डांबर चपलेला चिकटतं, त्यावर एक ओळ नाही.

आपल्या गावात एका बोळात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी ऐकू येते. घरात तेलुगू, शाळेत मराठी, दुकानात हिंदी अशी मुलं इथे बसली आहेत. यंत्रमागाच्या खडखडाटात माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. कुंभारीच्या वसाहतीत विड्या वळता वळता बायका सगळ्या गल्लीचा हिशेब मांडतात. हे कथेत आलं की परीक्षक पान उलटायचा थांबतो. पण नाही, आपली पात्रं सदाशिव पेठेत राहायला जातात. घरी ‘काय बे’ म्हणणारा नायक कथेत ‘अरे, काय म्हणतोस?’ असं विचारतो.

नाटक लिहिणाऱ्यांचं त्या मानाने बरं आहे. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी इथे हुतात्मा स्मृती मंदिरात होते, आणि निकाल काहीही लागो, प्रेक्षक कुठे खोकला आणि कुठे गप्प झाला हे लेखकाला त्याच रात्री कळतं. कथा-कवितेच्या स्पर्धेत हे नशिबी नाही. बहुतेक ठिकाणी अभिप्राय मिळत नाही, मिळतं ते प्रमाणपत्र.

आता प्रवेश शुल्काचं. थोडं शुल्क घेणारी प्रत्येक स्पर्धा फसवी नसते. टपाल, मानधन, सभागृह यांना खर्च येतो. पण ‘तुमची कविता निवडली गेली आहे, प्रातिनिधिक संग्रहासाठी इतके रुपये भरा, इतक्या प्रती घ्या’ असा निरोप आला, तर तिथे तुम्ही कवी नसून गिऱ्हाईक आहात. शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह यांचा खर्च सन्मानित होणाऱ्यानेच भरायचा, असेही पुरस्कार आहेत. ज्यांना हवेत त्यांनी घ्यावेत, पण परिचयपत्रात लिहू नयेत. जाणकार हसतात.

नियमांमध्ये एक ओळ बारीक अक्षरात असते: ‘आलेल्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.’ अशी स्पर्धा सोडून द्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशापुरते हे त्यात यायला हवं. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. एका स्मृतिचिन्हासाठी कथेवरचा हक्क देऊ नका.

आणि घाई करू नका, असं मी म्हणणार नाही. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला पस्तिशीची अट आहे, तेव्हा तरुणांनी जरूर घाई करावी. पण हिशेब लांबचा ठेवा. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे. त्यांचं आत्मकथन १९८४ साली आलं. सरस्वती सन्मान मिळाला तो २०२० सालचा. मारुती चितमपल्ली आपल्या सोलापुरातच जन्मले, वनखात्यात नोकरी करत जंगलात नोंदी करत राहिले. २००६ साली साहित्य संमेलन सोलापुरात भरलं तेव्हा अध्यक्षपदी ते होते. पद्मश्री २०२५ साली मिळाली, आणि त्याच वर्षी ते गेले. नोंदवह्या भरत होते तेव्हा त्यांना कोण बक्षीस देत होतं?

चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे: निकालात नाव नाही, आता त्या कथेचं काय करायचं? सोपं आहे. महिनाभर ती उघडू नका. मग मोठ्याने वाचा, शक्यतो कथा-बिथा न वाचणाऱ्या माणसासमोर. जिथे त्याचं लक्ष उडेल तिथे खूण करा, तेवढं पुन्हा लिहा. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा एका संपादकाला पाठवा. एकाच वेळी चार जणांना नको. दोघांनी छापली तर दोघेही दुखावतात. आणि तोवर ती फेसबुकवर टाकू नका, ‘अप्रकाशित’ म्हणून मग कुठेच चालणार नाही. हं, पुढची चिठ्ठी.