पणाला लावलेले शून्य

श्रोतेहो, नमस्कार.

2020 साली संक्रांत 15 जानेवारीला आली होती. त्या दिवशी उजाडता उजाडता नागपूरच्या गच्च्यांवर पतंग आणि चक्र्या घेऊन पोरे चढू लागली, तेव्हा अमेरिकेत अजून 14 तारखेची संध्याकाळच होती आणि तिथल्या दूरचित्रवाणीवर 'जेपर्डी' या प्रश्नमंजुषेच्या सर्वश्रेष्ठ विजेत्याचा निकाल लागत होता. त्या अंतिम सामन्याविषयी मी आज बोलणार आहे. आपल्याकडे प्रश्नमंजुषा म्हटली की पाठांतराची परीक्षा असा समज फार रूढ आहे, आणि या सामन्याइतके त्याला धक्का देणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

'जेपर्डी' 1964 मध्ये सुरू झाली. मर्व्ह ग्रिफिन हे तिचे निर्माते, पण मूळ कल्पना त्यांच्या पत्नी जुलॅन यांची: उत्तर आपण सांगायचे आणि स्पर्धकाने प्रश्न ओळखायचा. त्यांनी नमुन्यादाखल '5,280' हे उत्तर दिले होते, आणि त्याचा प्रश्न होता, 'एका मैलात किती फूट?' सिव्हिल लाइन्समधल्या या स्टुडिओत बसून हे सांगताना इथून जवळच असलेला झिरो माइलचा स्तंभ आठवल्याशिवाय राहत नाही.

त्या जानेवारीत आमनेसामने आलेले तिघेही असामान्य होते. केन जेनिंग्जने 2004 मध्ये सलग 74 सामने जिंकले होते. ब्रॅड रटर तोपर्यंत या खेळात कोणत्याही माणसाकडून हरला नव्हता. 2011 मध्ये 'वॉटसन' या संगणकाने मात्र त्याला आणि जेनिंग्जला एकाच वेळी हरवले होते. तिसरा जेम्स होल्झहॉअर हा लास व्हेगासचा, खेळांवर पैज लावणे हाच व्यवसाय असलेला. 2019 मध्ये त्याने 32 सामन्यांत 24,62,216 डॉलर मिळवले, ते मुख्यतः मोठ्या किमतीचे प्रश्न आधी घेऊन आणि संधी मिळताच जमवलेले गुण पणाला लावून. सूत्रधार ॲलेक्स ट्रेबेक कर्करोगाशी झुंजत असतानाही उभे राहून प्रश्न वाचत होते. 2020 च्याच नोव्हेंबरमध्ये ते गेले.

इतक्या वरच्या पातळीवर बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिघांनाही येत असतात. मग निवाडा होतो तो पहिल्यांदा अंगठ्यावर. या खेळात सूत्रधाराचे वाचन संपेपर्यंत बझर बंद असतो. जो उतावीळपणे आधी दाबतो, त्याचा बझर पाव सेकंद अडकून पडतो, आणि तेवढ्या वेळात शेजारचा उत्तर देऊन मोकळा होतो. नागपुरातील शालेय स्पर्धांत मी अनेकदा प्रश्न विचारले आहेत. प्रश्न अर्धाही झालेला नसताना बझर वाजवून मग छताकडे पाहत बसणारी हुशार मुले दर वर्षी भेटतात. त्यांना ही पाव सेकंदाची शिक्षा मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

दुसरा निवाडा पैजेवर होतो. शेवटच्या प्रश्नाचा फक्त विषय आधी सांगतात आणि तेवढ्यावरून आपल्या गुणांपैकी किती पणाला लावायचे, ते प्रत्येकाने गुपचूप लिहून द्यायचे असते. बरोबर आले तर तेवढे वाढतात, चुकले तर तेवढे जातात. या स्पर्धेत एका सामन्यात दोन डाव होते, दोन्ही डावांच्या गुणांची बेरीज धरली जात होती, आणि तीन सामने आधी जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलर मिळणार होते. चौथ्या सामन्याला सुरुवात झाली तेव्हा जेनिंग्जचे दोन सामने झाले होते, होल्झहॉअरचा एक.

पहिल्या डावाच्या अखेरीस जेनिंग्जने आपले सगळेच्या सगळे 32,800 गुण लावले आणि ते दुप्पट करून 65,600 वर नेले. 2004 मधला जेनिंग्ज असा खेळत नसे. हे धाडस त्याने होल्झहॉअरकडूनच उचलले होते. प्रतिस्पर्ध्याच्याच मांज्याने त्याचा पतंग कापावा, तसा हा प्रकार होता. होल्झहॉअर पहिल्या डावात 34,181 वर थांबला.

दुसऱ्या डावात होल्झहॉअरने 44,000 जमवले, जेनिंग्जने 23,000. आता कागद-पेन्सिल असेल तर जवळ घ्या. एकूण गुण जेनिंग्जचे 88,600 आणि होल्झहॉअरचे 78,181, म्हणजे अंतर 10,419 चे. होल्झहॉअर हरला की स्पर्धा संपणार होती, त्यामुळे थोडक्यात हरणे आणि सपाटून हरणे यांत त्याच्या दृष्टीने काहीच फरक नव्हता. तो सगळे लावणार, हे उघड होते. लावून बरोबर ठरला तर तो 1,22,181 वर जाईल, आणि जेनिंग्जने आपले 23,000 दुप्पट केले तरी तो 1,11,600 च्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे तशा वेळी जेनिंग्जची पैज निरुपयोगी. उलट होल्झहॉअर चुकला, तर जेनिंग्जला काहीही न लावता विजय मिळतो. मात्र होल्झहॉअरने अनपेक्षितपणे थोडेच लावलेले असले आणि जेनिंग्ज फार लावून चुकला, तर हातातला सामना जाऊ शकतो.

विषय होता शेक्सपिअरच्या शोकांतिका. शीर्षकात ज्याचे नाव नाही, अशा पात्रांत सर्वाधिक म्हणजे 272 वेळा बोलणारे पात्र कोणते? देवलांच्या 'झुंझारराव'मुळे मराठी रसिकांना जिची ओळख फार पूर्वीच झाली, त्या 'ऑथेल्लो'मधला इयागो हे उत्तर. होल्झहॉअरने 'हॅम्लेट'मधल्या होरेशियोचे नाव लिहिले होते आणि त्याखाली रक्कम होती 44,000, म्हणजे सगळे. त्याच्याकडे पहिल्या डावाचे 34,181 तेवढे उरले.

जेनिंग्जच्या पाटीवर 'इयागो' होते. उत्तर बरोबर होते आणि त्याचा त्याला एकही गुण मिळाला नाही, कारण पैजेच्या जागी त्याने शून्य लिहिले होते.